मी हिंदीत करायला लावलेलं गाणं

सुरतेत येऊन दोन वर्षं झाली तरी या शहरात रॉक बँड आहेत हे मला माहीत नव्हतं. मी परभणीहून आले ती साड्यांची डिझाइनं काढायला. टेक्सटाइल मार्केटातल्या एका बिनखिडकीच्या ऑफिसात आम्ही चौघं कॉम्प्युटरवर दिवसभर फुलं, वेली, मोर काढायचो. संध्याकाळी बाहेर पडलं की डोळ्यांसमोर तेच रंग नाचत असायचे. राहायला गोडादऱ्यात, एका खानदेशी कुटुंबाच्या घरात वरची खोली घेतली होती.

खाली ते तिघं राहायचे. काका तीस वर्षं यंत्रमागावर काम करत होते. काकू घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. आणि त्यांची मुलगी बी.कॉम. होऊन एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. ती तेवीसची, मी एकतीसची. ती मला ताई म्हणायची.

काकांना फार कमी ऐकू यायचं. मागाच्या खडखडाटात बारा-बारा तासांच्या पाळ्या करून कान गेले होते. त्यांच्या कारखान्यातल्या निम्म्या लोकांचं असंच होतं, त्यामुळे त्याचं घरात कुणाला फारसं नवल नव्हतं. मागावरची माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. काकाही तसंच करायचे. मायलेकी त्यांच्यासमोर उभ्या राहून अहिराणीत बोलायच्या आणि ते लगेच उत्तर द्यायचे. मी मात्र माझ्या परभणीच्या मराठीत काही विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "फिरी बोल," म्हणायचे. म्हणजे परत बोल. मी परत बोलायचे. मग ते मुलीकडे बघायचे आणि ती तेच वाक्य अहिराणीत करून सांगायची. हे रोज सकाळी नळाला पाणी आलं की घडायचं. मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण मला हे ठाऊक होतं. मागाहून कळलेली गोष्ट नव्हती ही.

औरंगाबादला कॉलेजात असताना होस्टेलमधल्या मैत्रिणीच्या फोनवर मी इंग्रजी रॉक ऐकायला लागले होते. पुढे कित्येक वर्षं ते माझं एकटीचं खूळ होतं. इयरफोन लावून, डोळे मिटून ऐकायचं. प्रत्यक्ष वाजताना कधी ऐकलं नव्हतं. एकदा गच्चीत कपडे वाळत घालताना मी असंच काहीतरी गुणगुणत होते, तर ही मुलगी मागून म्हणाली, "ताई, तू हे ऐकतेस? मग रविवारी माझ्यासोबत चल."

रविवारी दुपारी रिक्षा करून आम्ही कतारगामला गेलो. अरुंद बोळात एक जुनी शेड होती. पूर्वी तिथे एम्ब्रॉयडरीची मशिनं चालायची, आता ती चादरी घालून झाकून ठेवली होती. त्या मशिनांच्या मधल्या जागेत ड्रम मांडलेले, दोन गिटारी, जमिनीवर वायरींचा गुंता. शेड गिटार वाजवणाऱ्या मुलाच्या वडिलांची. ड्रम वाजवणारा हिऱ्यांच्या कारखान्यात कामाला होता. शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून खिडक्या गच्च बंद, आत भट्टीसारखं गरम. आणि मधोमध, कपाळाचा घाम ओढणीनं पुसत, माझ्या घरमालकांची मुलगी माईक धरून उभी.

ड्रमवर पहिला ठोका पडला तेव्हा तो मला कानांनी ऐकू आला नाही, छातीत बसला. मग ती गायला लागली. घरात इतक्या हळू बोलणारी ही मुलगी, तिच्या गळ्यात असा खरखरीत, फाटका, तरीही सुरातला आवाज आहे हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मी कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते. गाणं संपल्यावर मला रडू आलं, आणि ते लपवायला मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

त्यानंतर वर्षभर माझे रविवार त्यांचे झाले. शेडमध्ये सराव, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या कॅफेच्या गच्चीवर कार्यक्रम. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रॉक ऐकायला आलेली माणसं हातात थंडगार कोकोचे ग्लास घेऊन बसलेली असायची. लोक मुलाबाळांना घेऊन यायचे. एखादी आजी पुढच्या खुर्चीत बसून कानात बोटं घालून, पण हसतमुखानं ऐकायची. तीन-चार गाणी झाली की मागून कुणीतरी हमखास ओरडायचं, "गरबो वगाडो ने!" आणि मग ड्रमवाला हसून गरब्याचा ठेका धरायचा, गिटार त्यावर काहीतरी चढवायची आणि सगळी गच्ची फेर धरायची. पहिल्यांदा मला हे फार विचित्र वाटलं होतं. मी ज्या संगीताची एकटीनं पूजा मांडली होती त्याचा यांनी खेळ करून टाकलाय, असं वाटलं. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला मीही फेरात होते. सुरतेत मला पहिल्यांदा आपलेपणा वाटला तो त्या गच्च्यांवर.

आपलेपणा वाटला, तरी एक गोष्ट मी तिथेही सोडली नव्हती. आईचा फोन आला की मी गर्दीतून बाहेर जाऊन, जिन्यात उभी राहून, आवाज दाबून बोलायचे. ऑफिसातही तसंच. मराठी म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत लगेच एक हिशोब व्हायचा, लिंबायत, गोडादरा, मागवाले, असा. निदान मला तसं वाटायचं. एका दुकानदारानं मला गुजराती समजून भाव सांगितला होता, तेव्हा मी दिवसभर खूश होते. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही.

उन्हाळा संपता संपता एका कॅफेनं पाच बँडांची एकत्र संध्याकाळ ठरवली. प्रत्येकाला तीन गाणी. आमच्या बँडला शेवटी वाजवायचं होतं, म्हणजे सगळ्यात जास्त गर्दीत. त्याच्या तीन आठवडे आधी सरावाला ती एक वही घेऊन आली. म्हणाली, "मी एक लिहिलंय." आणि माईकसमोर उभी राहून, वहीत बघत, तिनं अहिराणीत गायला सुरुवात केली.

"मना बापना कानमा माग चालतस. मी हाक मारस, त्याले ऐकू येत नही."

माझ्या बापाच्या कानात माग चालतात. मी हाक मारते, त्याला ऐकू येत नाही. अशी ती सुरुवात होती. पुढे बापाच्या डब्याचं होतं, पाळी बदलण्याचं होतं, गावाकडून आलेल्या फोनवर तो नुसताच "हां, हां" कसा म्हणतो त्याचं होतं. ड्रमवाल्यानं ऐकता ऐकता ड्रमच्या कडेवर नुसत्या काड्या आपटायला सुरुवात केली, खडखड खडखड, मागासारखी, आणि गिटारनं एकच सूर लावून धरला. शेडमध्ये आम्ही चौघंच होतो.

गाणं संपल्यावर गिटारवाला माझ्याकडे वळला. शब्द कळणारी त्यांच्यात मी एकटीच. "दीदी, मने तो बहु गम्युं," तो म्हणाला. त्याला फार आवडलं होतं. "पण लोकोने समजाशे? तमे कहो ने. छेल्लुं करीए?" लोकांना कळेल का, शेवटचं म्हणून हेच घ्यायचं का, असं तो मला विचारत होता.

तो मनापासून विचारत होता. मी हो म्हटलं असतं तर झालं असतं.

मी म्हटलं, "गाणं छान आहे. पण अहिराणीत नको."

"का?" तिनं विचारलं.

"लोक हसतील गं."

"हसतील?"

"म्हणजे, मोबाईलवर ते अहिराणीतले कॉमेडी व्हिडिओ असतात ना, लोकांना तसलं काहीतरी वाटेल. तू 'मना बापना' म्हणशील आणि मागे चार पोरं हसतील. मग पुढचं कोण ऐकणार? हिंदीत कर. सगळ्यांना कळेल."

ती वहीकडे बघत राहिली. "हिंदीत मला असं नाही येणार," म्हणाली.

"मी करून देते."

मला वाटलं ती नको म्हणेल. पण ती माझ्यावर विश्वास टाकणारी मुलगी होती. मी शिकलेली, मी नोकरीवाली, मी ते इंग्रजी बँड तिच्या आधीपासून ऐकलेले. तिनं वही माझ्या हातात दिली.

मी दोन दिवसांत हिंदी करून दिलं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला होता. 'माग' काढून मी 'शहर' घातलं. डबा काढला. पाळी काढली. 'बाप' हा शब्द हिंदीत कानाला बरा लागेना म्हणून तिथे 'तुम' केलं. 'शोर', 'खामोशी' असे शब्द पेरले. पुढच्या रविवारी ती ते गायली. चाल तीच, आवाज तोच. गिटारवाल्यानं कागद हातात घेऊन परत वाचला आणि विचारलं, "पण आमां पप्पा क्यां गया?"

यात पप्पा कुठे गेले? मी त्याला समजावून सांगितलं की गाणं सगळ्यांना आपलं वाटलं पाहिजे, नुसत्या एका माणसाचं राहता कामा नये. त्यानं मान डोलावली. ती माईकची वायर गुंडाळायला लागली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा ती म्हणाली, "ताई, आबांना बोलावलंय मी. ते पाळी बदलून घेणारेत." काका आजवर एकदाही तिच्या कार्यक्रमाला आले नव्हते. ऐकू येत नाही तर कशाला, असंच सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी म्हटलं, "अरे वा," आणि वर निघून आले.

ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं चापून बसवलेले. काकू आल्या नव्हत्या, त्यांना लेसचं काम द्यायचं होतं. संध्याकाळचे सात वाजले असतील, आधीचे चार बँड वाजवून झाले होते, गच्चीवर अजून उजेड होता. काका खुर्चीत बसायला तयार होईनात. ते गर्दीच्या कडेकडेनं पुढे गेले आणि डाव्या बाजूच्या मोठ्या स्पीकरला तळहात लावून उभे राहिले. साउंड सांभाळणारा माणूस धावत आला, "काका, पाछळ जाओ, कान फाटी जशे." काकांना ते कळलंच नाही. त्यांनी त्याच्याकडे बघून हसून मान हलवली. मी जाऊन त्या माणसाला खूण केली, राहू दे.

पहिली दोन गाणी झाली. ती छान गायली, पण तिचं लक्ष सारखं डावीकडे जात होतं. मग शेवटचं गाणं. काड्यांची ती खडखड सुरू झाली आणि काकांनी चमकून स्पीकरवरच्या हाताकडे पाहिलं. कळलं त्यांना. ज्या आवाजात त्यांचं सगळं आयुष्य गेलं, तो आवाज हाताला कळणार नाही असं कसं होईल? ते दोन पावलं पुढे सरकले आणि तिच्या तोंडाकडे बघायला लागले. जसे रोज सकाळी नळापाशी बघायचे, तसे. डोळे बारीक करून, ओठांवर नजर ठेवून.

आणि ती हिंदीत गात होती.

मी त्यांच्यापासून चार हातांवर होते. त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली. माझ्याशी बोलताना पडायची तीच. ते ओठ वाचायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना काहीच अर्थ लागत नव्हता. गाणं पुढे जात राहिलं. एकदा त्यांनी हात थोडासा वर केला, 'फिरी बोल' म्हणताना करायचे तसा, आणि मग आपण कुठे उभे आहोत हे लक्षात येऊन खाली घेतला. तिनं ते पाहिलं. तिचा आवाज एका जागी अडकला, पण तिनं गाणं पुरं केलं.

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. कुणी हसलं नाही. मागून कुणीतरी गरबा मागितला आणि बँडनं तो वाजवला. मला त्या फेरात जाववलं नाही.

खाली उतरताना काकांनी मला विचारलं, "काय गायनी व ती?"

मी काय सांगणार होते? तुमच्यावरचं गाणं होतं, मी त्यातून तुम्हाला काढलं? मी मोठ्यानं म्हटलं, "छान गायली, काका."

त्यांनी माझे ओठ बघितले. कळलं की नाही कोण जाणे. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आवाज आठे ऊना. पन बोल समजनात नही." आवाज इथे आला, पण शब्द समजले नाहीत. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लेकीला इतक्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून ते आनंदात होते. वाटेत त्यांनी आम्हाला गरमागरम लोचो खायला घातला आणि तिच्या प्लेटमध्ये स्वतःच्या प्लेटमधला अर्धा वाढला. ती मान खाली घालून खात होती.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मी तिला गच्चीत गाठलं. म्हटलं, "आपण पुढच्या कार्यक्रमात तुझंच मूळचं गाणं घेऊ. मी सांगते त्याला."

"घेऊ," ती म्हणाली.

पण पुढचा कार्यक्रम झालाच नाही. गिटारवाल्याचा कॅनडाचा व्हिसा आला आणि दीड महिन्यात तो गेला. शेड भाड्यानं दिली गेली. ड्रमवाला नवरात्रात गरब्याच्या पार्टीबरोबर वाजवायला लागला आणि तिकडचाच झाला. मी तिला दुसरा बँड शोधून देते म्हणाले, दोन ठिकाणी फोनही केले, मग तेही राहून गेलं. तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं.

तिचं लग्न ठरल्यावर एकदा मी हिय्या करून म्हटलं, "अगं, घरीच म्हण ना आबांसमोर. माईक कशाला हवा? ते ओठ बघतील, त्यांना कळेल."

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "ताई, तोंडासमोर उभं राहून बापाला असं म्हणता येतं का? मी हाक मारते आणि तुम्हाला ऐकू येत नाही, असं? लोकांसमोर, माईकवरून, गाणं म्हणून म्हणता आलं असतं. म्हणून तर लिहिलं होतं."

तिनं ते गाणं अहिराणीत का लिहिलं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. मी फक्त लोकांचा विचार केला होता, तोही माझ्या मनातल्या लोकांचा. प्रत्यक्षातले लोक तर गच्चीवर आजीला घेऊन येणारे, काहीही वाजवलं तरी टाळ्या देणारे. त्यांनी ऐकलं असतं. न कळणारे इंग्रजी शब्द ते दर महिन्याला ऐकतच होते की!

लग्न करून ती नाशिकला गेली. वर्षभरात काकांचं मागावरचं कामही सुटलं, नजर मंदावली म्हणून. ते दोघं शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी निघून गेले, घर विकलं आणि मी अडाजणला राहायला आले. अजूनही कधीतरी रविवारी कुठल्या तरी गच्चीवर जाते. नवी मुलं आहेत, चांगली वाजवतात. मध्ये एका बँडनं चक्क सुरती बोलीत, तिथल्या सगळ्या शिव्यांसकट गाणं म्हटलं आणि लोकांनी ते तीनदा म्हणायला लावलं. मी कोको तसाच टाकून उठले.

घरी येऊन तिला फोन लावला. तिची मुलगी मागे रडत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "काका कसे आहेत?"

"आता अजिबात ऐकू येत नाही. डोळ्यांनाही कमीच दिसतं. जवळ जाऊन हातावर हात ठेवला की ओळखतात."

म्हणजे आता ओठ वाचणंही गेलं. मी म्हटलं, "तुझं ते गाणं. मला पहिली दोन कडवी आठवतात. तिसरं काय होतं गं?"

ती आठवायला लागली. चाल गुणगुणली, मध्येच थांबली, परत गुणगुणली. "नाही गं येत. वहीही कुठे गेली काय माहीत. हिंदीतलं पाठ आहे, म्हणू का?"

"नको," मी म्हटलं. मग जे तीन वर्षं म्हणायचं राहिलं होतं ते म्हणून टाकलं. "माझं चुकलं. मी तुला ते बदलायला लावायला नको होतं."

पलीकडे बाळाचं रडणं थांबलं होतं. तिनं बहुतेक तिला उचलून घेतलं असावं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे ताई, त्यात काय एवढं.

"हो, चुकलं," ती म्हणाली. शांतपणे, राग न धरता म्हणाली. "माझंही चुकलं. मी ऐकायला नको होतं तुझं."

मग तिनं विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"मग जेव आधी," ती म्हणाली, आणि मुलीला झोपवायचं होतं म्हणून तिनं फोन ठेवला.